पावणेदोन इंच

नोव्हेंबरात गॅरेजातली गाडी बाहेर गेली, ती बर्फातच राहिली.
तिच्या जागी आला एक गंजका सांगाडा,
टू हार्बर्सच्या कुण्या म्हाताऱ्याच्या बोटीखालचा,
दोनशे डॉलर आणि वर खारवलेल्या माशांची बरणी देऊन आणलेला.
वर्लिन म्हणाला, "यावर आपली खोली."
मी म्हणाले, "आहेत की पाच खोल्या."
तो ॲक्सलला ग्रीस लावत बसला.

एकतीस वर्षं त्याने शाळेचे बॉयलर राखले,
विश्वास फक्त मोजमापावर.
भिंतीची गोलाई मात्र मोजून निघेना.
प्लायवुडला खिळा, खिळ्याला दोरी, दोरीला पेन्सिल,
मग दोरी सोडून, जीभ दातांत धरून, नुसत्या हाताने
पाण्याच्या थेंबाची पाठ.
सात वेळा खोडली. आठवी मला आवडली,
मी सांगितलं नाही.
तीही खोडली, आणि नववी आठवीसारखीच काढली.

जानेवारीत डिंक सुकेना.
उणे अठ्ठावीस, गॅरेजातला हीटर नुसता खोकायचा.
तर माझी विजेची गोधडी प्लायवुडच्या अंगावर
आणि मी दोन-दोन मोजे घालून पलंगावर.
रात्री दोनला उठून तो बघून यायचा,
ताप उतरला का बघतात तसं.
मुलींच्या वेळी मीच उठायचे.
बोलले नाही. बोलले, पण नंतर.

मार्चमध्ये मागचं झाकण,
चर्चने मोडीत काढलेल्या पियानोच्या लांब बिजागरीवर.
झाकणाखाली स्वयंपाकघर. म्हणजे काय,
माझं पीठ मळायचं स्टीलचं भांडं
बुडाला भोक पाडून सिंक केलेलं,
दोन शेगड्या, मिठाला एक खण, कॉफीला एक,
आणि एक रिकामा.
"हा कशाला?"
"तुझ्यासाठी."
"माझं काय मावणार त्यात?"
त्याने टेप लावून पाहिली. "साडेचार बाय सहा."

एप्रिलचा शेवटचा शनिवार. दार वर केलं.
छतावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पत्र्यात हवेची खिडकी,
खिडकीला झाकण,
आणि ते झाकण दाराच्या चौकटीहून
पावणेदोन इंच वर.
मी हसले नाही, हे इथे नमूद करते.

टायरातली हवा सोडली, एक इंच उतरलं.
पाऊण उरलं. झाकण निघेना,
वर्लिनने चिकटवलेलं काही निघत नाही.
मग मी फोन केले.
शेजारचा ओइव्हा आला दोन्ही जावई घेऊन,
पोस्टातली मार्वा ग्रँडबोइस आली, तिचा अवाढव्य मुलगा आला
हातात अर्धं सँडविच घेऊन.
बावीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
माणसं कशी बसवायची ते मला शिकवू नका.
गादी यायची होती, उघड्या फळीवर पाच जण,
गुडघे हनुवटीला.
खालचे पाटे करकरले, दबले.
वर्लिन शिडीवर, गाल पत्र्याला टेकवून:
"अजून एक."
मीही चढले.

गवत कापायच्या ट्रॅक्टरने ओढत ओढत
तो आम्हाला उजेडात घेऊन आला.
चौकट कुठे घासली नाही,
कोळ्याचं एक जाळं तेवढं गेलं.
ऑक्टोबरात ही परत आत कशी जाणार,
हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

पहिली रात्र तळ्याकाठी नाही काढली.
घरापासून वीस पावलांवर, अंगणातच,
घरातूनच वायर ओढून.
सुपीरियरवरचा वारा पत्र्यावर बोटं वाजवत होता.
खिडकीतून दिसलं, स्वयंपाकघरातला दिवा चालूच राहिलाय.
"मालवून येऊ?"
"राहू दे."
बराच वेळ आम्ही तिकडे बघत पडलो,
कोण राहतं तिथे, असं.
गोधडीवर सुकलेल्या डिंकाचा एक टणक डाग,
कूस बदलली की माझ्या खांद्याला लागायचा.