ग्राव

बाटली हलवून, फेसाचे मणी निरखून
बाबा सांगायचे: एकोणीस ग्राव.
केरीच्या भाटीवर मग कुणी वाद घालत नसे.

बांबोळीत आज त्यांचा कागद मिळाला.
बिलिरुबिन चार पूर्णांक दोन,
अल्ब्युमिन अडीचवर उतरलेलं,
रक्त गोठायला उशीर
(सकाळच्या सुईवरचा कापूस
दुपारी अजून भिजतोय).
डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं,
आजचा वार विचारला, बोटांवर बेरीज केली
आणि कोपऱ्यात लिहिलं: अकरा.

"अकरा?" पिवळ्या डोळ्यांनी बाबा हसले.
"हुर्राकसुद्धा चौदाचा भरतो, बाय.
अकरा म्हणजे नुसतं उदक."

इथला आकडा उलटा चढतो
हे सांगायला मी तोंड उघडलं,
आणि म्हटलं, होय बाबा.

त्यांचा हात
फुगल्या पोटावर होता.