शाळेची पाटी

लिलाव उठला की धक्क्यावर एक पाटी मागे राहते.
तिला बोली लागत नाही.
बांगडा असो, पेडवे असो, कधी नुसती मोतकं,
किनाऱ्याला लागेल त्या होडीने एक ठेवायची.
पैसे बर्फाच्या कारखान्यामागच्या वर्गाला:
वीजबिल, खडू, शमीमबाईंचं एसटीचं भाडं.

तिथे मी बसतो. विश्राम कुबल, वय सत्तेचाळीस.
लहानपणी पाटी म्हणजे डोक्यावरची, एवढंच ठाऊक.
शेजारी कुंदा, सुरमई कापणारी.
हातच्याला अडखळली की शिवी हासडते,
पण वर्गात आहोत म्हणून हळू.

सहा वर्षांपूर्वी दारूच्या तारेत
सातू पराडकरचा ट्रॉलर मी खडपावर घातला.
तेव्हापासून सुकाणू सोडाच,
नांगराचा दोरही कुणी हाती दिला नाही.

काल हिशेबाची वही वाचायची पाळी माझी.
बोट ओळीखाली, ओठ हलवत:
भिकाजी तांडेल, बांगडा, एक पाटी.
हसीना सोलकर, रोख वीस.
सातू पराडकर...
थांबलो.
बाई म्हणाल्या, वाचा की, सोपं आहे.
सातू पराडकर, पेडवे, एक पाटी.
खाली पुन्हा तोच. पान उलटलं, तिथेही.
मागचं वर्ष काढलं, तिथेही.

पहाटे तारामुंबरीच्या धक्क्यावर त्याला गाठलं.
तोंडातून शब्द फुटेना.
जाळं झटकत तोच म्हणाला,
"पाटी शाळेची आसा, तुझी न्हय."

दोन खेकडे सोडवून झाल्यावर,
वर न बघता:
"परीक्षा कधी तुझी?"