चिमूट

बोश्त्यांव मास्तर सेमिनरीत लॅटिन शिकवायचे,
आता दिवाडीला कोंबड्या पाळतात
आणि दर मंगळवारी
माझी पोर्तुगीज क्रियापदं सहन करतात.
मी नार्व्याहून फेरीबोटीनं येते,
भावाच्या जमिनीचे जुने कागद पिशवीत घेऊन.

आज कागद राहिले बाजूला.
त्यांनी एक फोटो दाखवला:
रोमन काळातला, मिसरच्या वाळूत सापडलेला
तळहाताएवढा दाखला. कुणा बाईचा.
नाव अर्धं किडीनं नेलेलं.
मी देवांना नैवेद्य दाखवत आले आहे,
आत्ताही तुमच्यासमोर दाखवला, चाखला,
तरी सही व्हावी.
खाली सह्या. तारीख.

"रोम तसं दिलदार," मास्तर म्हणाले,
"शंभर देवळांत एकशेएकावं खपून गेलं असतं.
मागणं एवढंच, निखाऱ्यावर चिमूटभर धूप.
काही जण सिंहापुढं गेले,
त्यांचे पुतळे आहेत आमच्याकडे.
माझ्या नावाच्या संताला तर बाण.
पण मला आवडतात ते तिसरेच,
कारकुनाच्या हातावर पैसे ठेवून
धूप न टाकताच दाखला घेतलेले
आणि गुपचूप घरी जाऊन जेवलेले.
त्यांचा पुतळा कुठंच नाही."

पुढं त्याच धर्माच्या हाती शिक्का आला.
गलबतात बसून शिक्का इथवर आला
आणि भातात मीठ नसणं
हा पुरावा ठरला.
शेजारी शेजाऱ्याच्या चुलीवर नजर ठेवू लागला.
चिमूटच ती. फक्त पांढरी.

"तुमचा देव रात्रीच्या होडीतून पलीकडं गेला,
तुझा कोणी खापरपणजोबा वल्हं मारत असेल.
माझा काठावर राहिला.
त्याला शेत सोडवेना,
की घरात बाळंतीण होती,
की खरंच पटलं होतं त्याला,
कुणी लिहून ठेवलेलं नाही.
मी रोज वेगळं उत्तर देतो.
आज म्हणतो, बाळंतीण."

नदीवर भोंगा वाजला, बाराची बोट.
मास्तरांनी उकड्या तांदळाच्या भातावरचं झाकण काढलं.
सुंगटांचं हुमण त्यांच्यापुरतं,
माझा मंगळवार म्हणून
तवशाची कोशिंबीर वेगळी.
मिठाची वाटी टेबलाच्या मध्यावर.

"तूं घाल, जाय जाल्यार,"
म्हणाले, आणि माझ्या हाताकडं न बघता
कोंबड्यांना हाकलायला
दाराशी गेले.
दाराशी कोंबड्या नव्हत्याच.