हातचा

नूडल्सच्या रिकाम्या पाकिटामागे बेरीज मांडलीये:
शरीरशास्त्र दोन हजार सहाशे,
औषधशास्त्र तीन हजार आठशे पन्नास,
पांढरे बूट, टाच नसलेले, चालताना न वाजणारे, नऊशे,
सेकंदकाट्याचं घड्याळ, नाडी मोजायला.
आई पातेल्याच्या वाफेआडून विचारते, किती झाले गं?
थांब, म्हणते मी, हातचा मिळवायचाय अजून.

ला पाझच्या बाजारात आमचं बॅचॉय पहाटे चारला उकळायला लागतं.
एका वाडग्यामागे सुटतात वीस पेसो, फार तर.
म्हणजे एकटं औषधशास्त्र
एकशे साडेब्याण्णव वाडग्यांचं.
तो अर्धा वाडगा कोण खाईल
याचा विचार करत मी दुकानाच्या पायरीवर बसले होते,
तिथेच भेटल्या क्रिझेल आणि अर्लीन.

जुनी आवृत्ती चालणार नाही, दुकानदार म्हणाला.
तीन वर्षांत मूत्रपिंड बदललं का? क्रिझेलने विचारलं.
तो हसला नाही.
पानांचे नंबर बदललेत, म्हणाला.

मग तिघींत एक.
प्रत्येकी बाराशे त्र्याऐंशी, बाकी उरला एक पेसो.
तो अर्लीनने घातला.

बाबा ज्या सुऱ्याने नळीचं हाड फोडतात
तोच पुस्तकाच्या कण्यावर ठेवला.
आम्ही श्वास धरून उभ्या,
आणि आई म्हणाली, आधी पुसून घ्या, चरबी लागेल.
पान चारशे बारापर्यंत क्रिझेल,
मधला भाग, सगळं हृदय, अर्लीनकडे,
शेवटचा माझा: जंतू, त्वचा, डोळ्यांचे थेंब
आणि सूची.
कुठली गोष्ट कुठल्या पानावर, ते मला ठाऊक,
पण ते पान बहुतेक वेळा दुसरीकडे.
एका औषधाची तर मात्रा चारशे बारावर
आणि धोके चारशे तेरावर.
दर रविवारी आम्ही ते औषध पुन्हा जोडायचो.

दुसऱ्या सहामाहीची फी भरायच्या दिवशी
अर्लीन आली नाही.
त्यानंतरच्या रविवारीही नाही.
हृदयाची परीक्षा शुक्रवारी.
क्रिझेल म्हणाली, जा, मागून आण, आपलंही आहे ते.
होडीचं जाण्यायेण्याचं भाडं मी घड्याळातून वजा केलं.

ग्विमारासच्या धक्क्याजवळ औषधाचं छोटं दुकान.
काउंटरमागे अर्लीन,
आणि गल्ल्याशेजारी उघडं, आमचं मधलं एक तृतीयांश.
समासात तिचं बारीक अक्षर.
प्रत्येक गोळीपुढे किंमत, सुट्या गोळीची.
किमतीपुढे नावं:
नाँग पिओ, रोज एक सांगितलीये, अर्धीच नेतो.
नांग देलिया, महिन्याच्या पंधरा तारखेनंतर बंद.
मास्तर, बायकोची घेतो, स्वतःची नाही.
चारशे तेरावर, धोक्यांच्या यादीखाली:
पैसे नाहीत म्हणून अर्धी घेतली तर काय होतं
ते यात कुठेच नाही. सूचीत बघशील?

बघितलं होतं मी सूचीत सगळं, कितीदा.
नव्हतं.

तिने पुस्तक बंद करून पुढे सरकवलं.
मी उघडून परत तिच्याकडे फिरवलं
आणि चारशे तेरावं पान वहीत उतरवून घ्यायला लागले.
मधे एक म्हातारा आला. तिने कात्रीने
गोळीची पट्टी कापली, दोनच गोळ्या, मग एकीचे
पातीने दोन तुकडे केले, इतके सारखे
की आमच्या सुऱ्याला जमले नसते.
शेवटची होडी किती वाजता, मी विचारलं.
तुझ्याकडे घड्याळ नाही अजून? ती म्हणाली.

धक्क्यावर तिने माझं मनगट धरलं,
दुकानातल्या भिंतीवरच्या काट्याकडे मान वळवून
ओठ हलवत मोजत राहिली.
शहाण्णव, म्हणाली. पळत आलीस का?
तुझा एक पेसो जास्त आहे त्यात, मी म्हटलं.
होडीचं इंजिन सुरू झालं होतं,
ऐकू गेलं की नाही कोण जाणे.
बूट मी हातात घेतले होते. खारं पाणी लागायला नको,
नऊशेचे आहेत.