आहेराविषयी एक ओळ

पत्रिकेच्या तळाशी एकच ओळ लिहायची आहे
आणि तीन रात्री झाल्या, ती होत नाहीये.

रॉस म्हणतो, सरळ लिही : पैसे द्या.
तो धान्यकोठारावर ट्रकांची वजनं करतो,
आकडा लिहिताना त्याचा हात थरथरत नाही.
मी शाळेची बस चालवते.
ज्यांच्याकडे मागायचं त्यांची पोरं
रोज सकाळी साडेसातला
माझ्या आरशात जांभया देत असतात.

पण दुसरं मागू तरी काय?
त्रेपन्नाव्या वर्षी?
दोन घरं मिळून तीन टोस्टर, त्यातले दोन चालतात.
चादरी इतक्या की दवाखाना थाटावा.
त्याच्या घटस्फोटातून वाचलेले काटेचमचे
आणि माझी, मिरो गेल्यापासून न वापरलेली, बारा ताटं
एका कपाटात ठेवली
तेव्हा रात्रभर किणकिणत होती.
मग सवय झाली असावी.

शेवटी लिहिलं :
‘आहेर आणू नये. आम्ही समुद्र बघायला निघालोय, मसात्लानला.
अगदीच राहवलं नाही तर
आमच्या वाट्याला थोडा समुद्र घाला.’
रॉसनं चष्मा लावून दोनदा वाचलं.
म्हणजे काय?
म्हणजे पैसे द्या.
मग तेच लिही की.

बाहेर उणे चौतीस.
सस्कॅचेवानमध्ये चहूकडे नुसतं सपाट पांढरं,
इथे लाट म्हणजे जूनमधला गहू,
तोही वारा असला तर.

लिफाफे यायला लागले.
दुकानातल्या डेलनं वीस डॉलर : ‘दोन शहाळी. गॅरीला बोलू नकोस.’
बसमधल्या पोरांनी एका हातमोज्यात
अकरा डॉलर पस्तीस सेंट आणि एक बटण.
ऑरेस्ट हाव्रिलाकनं पन्नास,
सोबत ताकीद : ‘फोटो दाखवायला माझ्याकडे येऊ नका.’
डोरोथिया मावशीनं मात्र रजईच पाठवली.
समुद्र येतो नि जातो, म्हणाली, रजई राहते.

आणि वृद्धाश्रमातून स्टेफानियाचा,
म्हणजे माझ्या पहिल्या सासूचा.
अक्षर उतरणीला लागलेलं,
नोटा इस्त्री केल्यासारख्या सपाट.
‘कापणी उरकली की मिरो तुला नेणार होता.
एकवीस वर्षं कापणी उरकली नाही.
हे त्याच्याकडून धर.
पाणी कोमट असतं का, तेवढं कळव.’

मी तो लिफाफा पिठाच्या डब्यामागे लपवला.
रॉसला सापडलाच, भाकऱ्या असोत की दुःख,
या माणसाला स्वयंपाकघरात सगळं सापडतं.
तो काही बोलला नाही.
वही काढली, डेलच्या शहाळ्यांखाली नोंद केली :
एक दिवस, मिरोकडून.
आणि बाकी सगळ्या नोंदींखाली मारतो तशी
तिच्याखाली रेघ मारली नाही.

मसात्लानला चौथा दिवस त्या नोंदीचा.
रॉस वाळूत माझ्या चपला सांभाळत बसला,
मुद्दाम पाठ करून,
दुसऱ्याच कुणाच्या तरी छत्रीकडे बघत.
मी गेले.
पाण्यानं आधी घोटे ओळखले, मग पोटऱ्या.
काय वाटलं ते मला विचारू नका.
उजव्या पायाखाली शिंपला टोचत होता
आणि मी तो काढला नाही, एवढं आठवतं.

संध्याकाळी पोस्टकार्ड घेतलं, सगळ्यांत स्वस्त,
त्यावर बोट, आमची नव्हे.
‘आई, कोमट असतं.
गुडघ्यापर्यंत तरी.
पुढचं माहीत नाही, मला पोहता येत नाही.’

खाली दोन बोटं जागा उरली होती.
तिथे रॉसनं, न विचारता, आपलं नाव लिहिलं,
बारीक,
वजनाच्या पावतीवर लिहितो तसं.