हातभर

आराखड्याचं पहिलं पान माझ्या वाट्याला आलं.
शाश्वत विकास म्हणजे काय,
सोप्या मराठीत, दीडशे शब्द, सोमवारपर्यंत.

'भावी पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता...'
इतकं लिहून मी पेन ठेवलं.
बाधा म्हटलं की आमच्या विडी घरकुलात
उंबऱ्यावरचं लिंबू आठवतं.

तेवढ्यात नळ आला. पाचव्या दिवसाचा, रात्री पावणेदोनला.
गल्ली उठली, पिंपं सरकली,
पहिल्या घरानं मोटार लावली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच,
आणि टोकाच्या घरचा नळ
नुसता श्वास घेत राहिला.
टोकाच्या घरात माझी आत्या राहते, राजमणी दुडम.
दोन घागरी तिच्या मोरीत ओतल्या
आणि तिलाच विचारलं, हे कसं लिहू?

आत्या एकतीस वर्षं सांधणी करायची,
अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या मागांवर.
ताणा संपत आला की माग थांबवायचा.
फणीमागं हातभर सूत राखायचं
आणि नव्या बीमचं एकेक टोक त्या जुन्या टोकाला बांधायचं.
अडीच हजार गाठी, बोटांना राख लावून.
मग माग हळूच ओढायचा.
वहीतून, फणीतून गाठी सरकत जातात,
नवं सूत
जुन्याचं बोट धरून आत येतं.

"गुंटूक म्हणून एक मालक होता," ती म्हणाली,
"सुताचा भाव चढला तसा त्याच्या डोळ्यात तो हातभर पोगु खुपायला लागला.
(पोगु म्हणजे धागा. रागात ती तेलुगूवर जाते.)
शेवटपर्यंत विणून घेतलं त्यानं.
वीस मागांचे मिळून सहा टॉवेल जास्त निघाले.
पेढे वाटले की गं!
दुसऱ्या दिवशी बघते तर वहीचे डोळे रिकामे.
अडीच हजार डोळे, एकेका मागाला दोन दोन दिवस.
भरायचे कुणी? आम्हीच.
मजुरी मात्र सांधणीचीच."

मी काही बोलले नाही.
मला आमच्या मागचा नाला दिसत होता,
रंगखान्यातून यायचा, वाफाळत.
त्याचा रंग बघून आम्ही पोरं ऑर्डर ओळखायचो,
लाल म्हणजे हॉस्टेलच्या चादरी, निळा म्हणजे बाहेरदेशी.
खालच्या गावच्या म्हशी त्या पाण्याला तोंड लावायच्या नाहीत.
त्यांना कुणी व्याख्या सांगितली नव्हती.
आणि बोअर. दोनशे फुटांना लागलेलं पाणी
चारशेवर गेलं, सहाशेवर गेलं,
परवा आठशे फुटांवरून नुसता पांढरा फुफाटा वर आला,
आणि गाडीवाल्यानं विचारलं, अजून शंभर मारू का?

"हातभर म्हणजे कुणाचा हात?" मी विचारलं. "मालकाचा?"
"जो पुढं बांधायला बसणार त्याचा."
"तो अजून आलाच नाही तर?"
"म्हणून तर आपण मोजायचं.
आणि माझी ती पितळी घागर, मागच्या खेपेला नेलेली, ती आण आधी."

पहाटे सगळं लिहून काढलं.
व्याख्येच्या जागी सांधणी, गुंटूक, सहा टॉवेल.
साहेबांनी 'हातभर'भोवती लाल गोल केला,
बाजूला लिहिलं : नक्की किती सेंटिमीटर?

आराखडा छापून आला.
गुळगुळीत कागद, कव्हरवर हिरवं पान,
आत मजकूर कडेला कड लावून बसलेला,
समास इतका बारीक की अंगठा ठेवला तर ओळी झाकतात.
आत्याला नेऊन दाखवला.
तिला मराठी वाचता येत नाही.
तिनं पान उलटंसुलटं केलं,
खालच्या कडेवरून बोटं फिरवली,
सवयीनं, टोक शोधावं तशी,
आणि विचारलं,
"पुढचं कुठं बांधायचं?"