दहा रुपयांचं काम

डॉलर मार्केटात, जिन्याखाली, माझं दुकान.
दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक दिवा,
वर काच, काचेखाली सुटे स्क्रू,
ज्यांचे फोन आता कुणाच्याच खिशात नाहीत.

मी रेडिओपासून सुरुवात केली.
रेडिओ उघडला की आत गल्ल्या दिसायच्या,
माणूस चालत बिघाडापर्यंत पोचेल एवढ्या रुंद.
मग टू-इन-वन. मग पेजर, सहा महिने.
मग ते फोन, जे पडले तर आधी फरशी बघायची.
आता बॅटरी डिंकाने चिकटवून राहिलेत लोक
आणि स्क्रूचं डोकं दर दिवाळीला बदलतं:
आधी चौफुली, मग पाच पाकळ्या,
मग तीन पायांचं काहीतरी,
ज्याचं नाव समोरचा रेहान मला सांगतो
आणि मी पंधरा दिवसांत विसरतो.
नवा पेचकस घेऊन घरी पोचावं
तोवर त्याच्यापेक्षा नवा स्क्रू
दिल्लीहून निघालेला असतो.

नलिनीबाई पागे महिन्या-दोन महिन्यांनी येतात,
लोकमान्यनगरातून, सिटी बसने,
पर्स पोटाशी धरून.
फोन टेबलावर उलटा ठेवतात,
रुसलेलं पोर शाळेत सोडावं तसा.
"रात्री झोपले तेव्हा ठीक होता हो जहागीरदार,
सकाळी बघते तर सगळं सामान हलवलेलं."
अपडेट आलेला असतो.
हिरवा फोन कोपऱ्यातून मधे सरकलेला,
घड्याळाला उगाच बाळसं,
आणि फोटो कुठे गेले ते फोटोंनाच ठाऊक.
मी एकेक उचलून जागच्या जागी ठेवतो.
हिरवा खाली, डाव्या कोपऱ्यात.
त्याच्यावर बँक. बँकेशेजारी टॉर्च,
म्हणजे लाइट गेले तर अंगठा न बघता पोचेल.
दहा रुपये घेतो.
रेहान हसतो, "अंकल, इसका भी क्या लेना!"
त्याला कसं सांगू,
न घेतले तर बाई यायच्या बंद होतील.

मागच्या मंगळवारी त्या आल्या
तेव्हा मी एका बोर्डावर वाकलेलो,
डोळ्यात भिंग खुपसून
आयसीवरचा नंबर वाचून राहिलो होतो.
आठ की बी?
तीनदा मत बदललं. डोळ्यातून पाणी.
बाई उभ्याच. बघत होत्या.
मग काही न विचारता त्यांनी स्वतःचा फोन काढला,
कॅमेरा उघडला,
पडदा दोन बोटांनी ताणला,
पुरणाची पारी लांबवावी तितक्या बेताने,
आणि माझ्या बोर्डावर धरला.

आयसी पोळपाटाएवढी झाली.
आठच होता.
आणि शेजारी करपलेला एक टाका,
ज्याच्यावर मी सकाळपासून
संशयसुद्धा घेतला नव्हता.

"गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मी अशीच वाचते."
कुणी शिकवलं?
"कुणी नाही. चुकून बोटं पसरली."
मग स्टूल ओढून बसल्या.
"एक्स्चेंजला लागले तेव्हा हातात दोर होते,
ह्या भोकातून त्या भोकात.
मग बटणं आली. मग नुसता पडदा.
दर वेळी साहेब म्हणायचे,
हे शेवटचं हं पागे, आता ह्याच्यापुढे काही नाही."

पंखा फिरत होता. रेहान कुणाची तरी
काच चिकटवत, ऐकत नसल्यासारखा.

आज काय हललं, मी विचारलं.
"हललं होतं. लावलं मी.
बघा बरोबर आहे का."
हिरवा कोपऱ्यात होता. बँक जागेवर.
टॉर्च भलतीकडे, अगदी वर,
पण बाईंची बोटं लांब आहेत.
बरोबर आहे, म्हणालो.

त्यांनी पर्स उघडायच्या आत
मी गल्ल्यातून दहाची नोट काढून
काचेवर ठेवली.
बाईंनी माझ्याकडे बघितलं,
नोट उचलली, उजेडात धरली.

"ही चिकटपट्टीची आहे," म्हणाल्या,
"दुसरी द्या."